मिलिटरी नर्सिंग ऑफिसर ते हॉस्पिटलची नर्सिंग प्रमुख: तयारी कधी आणि कशी

मुंबईच्या मुलीला या वाटेवरचं पहिलं पाऊल कुलाब्यातच टाकता येतं. नेव्ही नगरच्या आयएनएचएस अश्विनीत मिलिटरी नर्सिंग सर्व्हिससाठी (एमएनएस) ४ वर्षांचं बीएस्सी नर्सिंग आहे. तसं या शहराचं नातं जुनंच. लष्करी रुग्णालयांसाठी आलेल्या पहिल्या १० ब्रिटिश नर्स २८ मार्च १८८८ला मुंबईतच उतरल्या होत्या. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी, पहिल्याच प्रयत्नात पास आणि किमान ५० टक्के. मग नीट. पण नुसती नीट देऊन भागत नाही, सैन्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो. तो राहिला की वर्ष गेलं. पुढे संगणकावरची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, मेडिकल.

लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंत हुद्दे आहेत. १९७६ साली गर्ट्रूड ॲलिस राम तिथवर पोचल्या, भारतीय लष्करातल्या पहिल्या महिला मेजर जनरल. मात्र शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या कमिशनचा, हिशेब आधी मांडा. ५ वर्षं, मग वाढवून ५, मग ४, असे जास्तीत जास्त १४. अधिकाऱ्याच्या पेन्शनला २० लागतात. म्हणजे बाविसाव्या वर्षी कमिशन मिळालं तर छत्तिशीत, पेन्शनशिवाय, दुसरी नोकरी शोधायची.

त्यासाठी लागणारा ऐवज नोकरीत असतानाच जमवायचा. दर बदलीनंतर एका वहीत लिहा: वॉर्ड कोणता, खाटा किती, हाताखाली माणसं किती, कोणतं ऑडिट केलं, काय बदललं. युनिटचं नाव, हालचाली यांतलं काही नको, फक्त कामाचे आकडे. दहा वर्षांनी हे आठवत नाही, आणि सिव्हिलमधल्या, म्हणजे सैन्याबाहेरच्या हॉस्पिटलच्या, एचआरला ‘मेट्रनची जबाबदारी पार पाडली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. तेच असं लिहा: ‘३० खाटांचा सर्जिकल वॉर्ड, २१ नर्सचा रोस्टर, हँड हायजीनचं मासिक ऑडिट.’

हा २१चा आकडा कुठून आला ते मुलाखतीत विचारतात. १ नर्सला ६ रुग्ण धरले तर पाळीला ५, तीन पाळ्यांना १५. इथेच थांबणारे फसतात. साप्ताहिक सुट्ट्या ५२, सणवार १०, रजा ४० धरल्या तर एक नर्स वर्षात २६३ दिवस हाताशी असते. ३६५ भागिले २६३ म्हणजे साधारण १.३९, त्याने १५ला गुणलं की २१. पंधरावर चालवलेला वॉर्ड गणपतीत कोलमडतो, मग डबल ड्युट्या, मग राजीनामे.

सैन्यात न शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे पैसा. खासगी हॉस्पिटलात नर्सिंग प्रमुखाला बिलात न लागलेली कन्झ्युमेबल्स, टीपीएच्या (विमा दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या) हरकती, डिस्चार्जला लागलेले तास, यांवर उत्तरं द्यावी लागतात. दुसरी गोष्ट, सिव्हिलमधली नर्स चांगली ऑफर आली की जाते. तिथे हुद्दा चालत नाही. एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाची, मानकं मात्र नोकरी सोडण्याच्या वर्षभर आधीच वाचून काढा, भाषा ओळखीची वाटेल. देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा अभ्यासक्रम आहे; फक्त नर्सिंगच्या एमएस्सीवर चीफ नर्सिंग ऑफिसरची खुर्ची मिळते, पण पुढे कारभाराच्या बैठकीत गप्प बसावं लागतं.

नोंदणीकडे हमखास दुर्लक्ष होतं. बदल्यांच्या धांदलीत नूतनीकरण राहतं, नावात लग्नानंतरचा बदल नसतो, आणि रुजू होण्याच्या आठवड्यात हे उघडं पडतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडचे कागद सहा महिने आधी लावा. दुसऱ्या राज्यात नोंदणी असेल तर तिथल्या कौन्सिलच्या पडताळणीत वेळ जातो.

पगार ठरवताना हातात येणारी रक्कम एकास एक ताडू नका. क्वार्टर, कँटीन, घरच्यांचे उपचार यांची किंमत मुंबईच्या भावाने काढा आणि मगच आकडा सांगा. आणि घर हॉस्पिटलच्या अर्ध्या तासाच्या आत बघा. रात्री दोनला आयसीयूतून फोन येतो तेव्हा लोकल बंद असते.