कॉलेजचा फुटबॉल सामना कसा पाहावा आणि त्यावर कसे बोलावे

मराठवाड्यात कॉलेजच्या फुटबॉल सामन्याला गर्दी होत नाही. क्रिकेट आणि कबड्डीला माणसे जमतात, खो-खोलाही जमतात. फुटबॉलला मात्र सीमारेषेलगत चाळीस-पन्नास जण उभे असतात आणि त्यातलेही निम्मे राखीव खेळाडू किंवा त्यांचे खोलीसोबती असतात. सामन्याचे चित्रीकरण बहुधा होत नाही, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आले तरी निकालाच्या दोन ओळी आणि गोल करणाऱ्याचे नाव एवढेच येते. म्हणजे त्या तासा-दीड तासात मैदानावर नेमके काय घडले, याची जी काही स्मृती उरते ती संध्याकाळी चहाच्या टपरीवर बोलणाऱ्या चार चाहत्यांच्या तोंडी उरते. म्हणूनच ती चर्चा जरा निगुतीने व्हावी, असे मला वाटते, आणि ती कशी करावी हे सांगण्यासाठीच पुढचे लिहितो आहे.

सामन्याला जाण्याआधी स्पर्धेची रचना माहीत करून घ्यावी. मराठवाड्याचे आठ जिल्हे दोन विद्यापीठांत वाटलेले आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव येथील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली येथील महाविद्यालये १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. अंतर्महाविद्यालयीन स्पर्धेतून आणि निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ ठरतो आणि तो पुढे भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या विद्यापीठांच्या संघटनेच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. त्यामुळे आपल्या कॉलेजचा संघ पहिल्याच फेरीत हरला, तरी त्यातला एखादा मुलगा विद्यापीठाच्या संघात जाऊ शकतो, आणि ‘आपण हरलो, विषय संपला’ असे म्हणणारा चाहता नेमका याच मुलाला विसरतो. सामन्याचा कालावधी किती, बदली खेळाडू किती, बरोबरी झाल्यास जादा वेळ की थेट पेनल्टी, हे क्रीडा संचालकांना आधीच विचारून ठेवावे. कारण सर्वसाधारण नियमांत नव्वद मिनिटे असली, तरी एका दिवसात अनेक सामने उरकायचे असतील तर आयोजक वेळ कमी करतात.

मैदानावर अर्धा तास लवकर पोहोचावे आणि पहिल्यांदा खेळाडूंकडे नव्हे, तर जमिनीकडे पाहावे. आपल्याकडची काळी माती दोन टोकांची असते. सप्टेंबरमध्ये पाऊस पडून गेला असेल, तर ती बुटांना चिकटून पाय जड करते आणि जमिनीवरून दिलेला पास अर्ध्या वाटेत थांबतो. डिसेंबरपर्यंत तीच माती दगडासारखी होऊन भेगाळते आणि चेंडू कोणत्या बाजूला उसळेल हे सांगता येत नाही. अनेक मैदानांच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी असते, तिच्यावर चेंडू एकदम वेग घेतो. नियमाप्रमाणे चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते, पण हे वजन सामना सुरू होतानाचे. चिखलात लोळलेला चेंडू पायाला वेगळाच लागतो. अशा मैदानावर ज्याचा पहिला स्पर्श चांगला, म्हणजे आलेला चेंडू जो एका स्पर्शात पायाजवळ मुरवतो, तो खेळाडू हिरवळीवर आणखी चांगला खेळेल असे धरून चालायला हरकत नाही. उलट मोकळ्या जागेत चेंडू पुढे ढकलून केवळ वेगावर पळणारा खेळाडू इथे उठून दिसतो आणि चांगल्या मैदानावर, चांगल्या बॅकसमोर, म्हणजे बचावपटूसमोर, लगेच अडतो.

सूर्य कोणत्या बाजूला आहे तेही पाहावे. हिवाळ्यात चारच्या पुढे पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या गोलकीपरला उंचावरून येणारा चेंडू दिसत नाही, आणि त्याने सोडलेल्या एका क्रॉसवरून, म्हणजे कडेकडून गोलसमोर आलेल्या चेंडूवरून, त्याला वर्षभर टोमणे मारण्याआधी कुठल्या हाफमध्ये तो कुठल्या गोलात उभा होता, हे आठवावे.

आता वहीबद्दल सांगतो. खिशात मावणारी छोटी वही आणि पेन्सिल एवढेच लागते. मोबाइलवर टिपत बसले की नजर खाली जाते आणि नेमका तोच क्षण निसटतो. संपूर्ण सामना टिपण्याचा प्रयत्न करू नये. एक खेळाडू निवडावा आणि सलग पंधरा मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहावे, चेंडू कुठेही असला तरी. हे पहिल्यांदा फार अवघड जाते, कारण डोळे आपोआप चेंडूमागे धावतात. पण चेंडू एका वेळी एकाच खेळाडूजवळ असतो आणि बाकीचे एकवीस जण त्या वेळात जे करतात, त्यालाच बहुतांश खेळ म्हणायला हवे. त्याने दिलेला पास पोहोचला की उभी रेघ मारावी, हरवला की फुली. चेंडू येण्याआधी त्याने मान वळवून आजूबाजूला पाहिले की टिंब द्यावे. चेंडू गेल्यावर तो उलट पळाला की बाण काढावा. एवढ्या चार खुणा पुरतात. जर्सीच्या क्रमांकावर फार विसंबू नये, कारण कॉलेजच्या संघात गेल्या वर्षीची आणि या वर्षीची जर्सी एकत्र आल्यामुळे एकाच संघात दोन सात नंबर खेळताना मी पाहिले आहेत. मोज्यांचा रंग किंवा धावण्याची लकब लिहून ठेवलेली बरी.

या वहीचे महत्त्व मला उशिरा आणि लाजेने कळले. आमच्या कॉलेजचा एक उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारा खेळाडू, होता. चेंडू पायात आला की तो दोन-तीन जणांना चकवल्याशिवाय राहत नसे, आणि आम्ही त्याच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडत असू. एका सामन्यानंतर मी त्याला संघातला सर्वांत मोठा खेळाडू ठरवून बसलो असताना शेजारच्या मित्राने शांतपणे वही उघडली. विंगरकडे चेंडू एकोणीस वेळा आला होता, अकरा वेळा तो हरवला होता आणि फक्त चार क्रॉस आपल्या माणसापर्यंत पोहोचले होते. त्याहून बोलकी होती ती त्याखालची ओळ: चेंडू हरवला की प्रत्येक वेळी त्याच्या मागचा उजवा बॅक एकटा दोघांना तोंड देत होता, आणि त्या बॅकचे नावसुद्धा आमच्यापैकी कुणाला धड माहीत नव्हते.

विंगर वाईट होता, असे मला म्हणायचे नाही. त्या चार क्रॉसपैकी एकावर गोल झाला होता, आणि गोल होण्यासाठी कुणीतरी धोका पत्करावाच लागतो. प्रश्न असा विचारावा की चेंडू कुठे हरवला. प्रतिस्पर्ध्यांच्या कोपऱ्यात हरवलेला चेंडू संघाला फारसा महाग पडत नाही, पण मध्यरेषेजवळ, आपले दोन्ही बॅक पुढे गेलेले असताना हरवलेला चेंडू घात करतो. म्हणून फुली मारताना तिच्यासोबत मैदानाच्या तीन हिश्श्यांपैकी कोणता ते लिहावे, म्हणजे आपला, मधला की त्यांचा. संध्याकाळच्या वादात हीच नोंद सर्वांत जास्त कामी येते.

कोणत्या जागेवरच्या खेळाडूत काय पाहावे, यात मी सर्वांत जास्त वेळ मधल्या हाफला देतो. बॅकच्या पुढे उभा राहणारा हा खेळाडू चांगला खेळला, तर त्याच्याविषयी बोलण्यासारखे काहीच दिसत नाही: धोका निर्माण होण्याआधीच तो त्या जागी उभा असतो, त्यामुळे त्याला घसरून टॅकल करून चेंडू हिसकावावा लागत नाही, आणि प्रेक्षकांना टॅकलच दिसतो. टिंबांची संख्या इथे मोजावी. चेंडू मिळण्याआधी जो दोनदा मागे वळून पाहतो, तो चेंडू मिळताच एका स्पर्शात पुढे देतो. जो पाहत नाही, तो चेंडू थांबवतो, मग मान वर करतो, आणि तोवर अंगावर माणूस आलेला असतो. फॉरवर्डच्या बाबतीत गोल मोजावेतच, पण शेवटच्या बॅकला आपल्यामागे ओढून त्याने दुसऱ्यासाठी किती वेळा जागा मोकळी केली हेही पाहावे. बॅककडे पाहताना तो बोलतो का, हे ऐकावे. सीमारेषेजवळ उभे राहिले की आवाज ऐकू येतो, आणि मुका बॅक कितीही उंच असला तरी संघाला पुरत नाही. गोलकीपरचे बाण मोजण्याची गरज नाही, चेंडू हातात आल्यावर तो कुणाला आणि किती लवकर देतो ते पाहावे. २०२५ च्या जुलैपासून नियमही बदलला आहे: गोलकीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरला, तर प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळतो.

नियमांचा विषय निघालाच आहे, तर ऑफसाइडबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण टपरीवरची निम्मी भांडणे त्यावरून होतात. पास देणाऱ्याने चेंडूला पाय लावला त्या क्षणी पुढचा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात असेल, आणि चेंडू व प्रतिस्पर्ध्यांचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांपेक्षाही गोलरेषेच्या जास्त जवळ असेल, तर तो ऑफसाइडच्या जागेवर आहे. बरोबरीत असेल तर नाही. हात आणि दंड धरले जात नाहीत. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट मिळालेल्या चेंडूला हा नियम लागत नाही, हे तर अनेक जुन्या चाहत्यांनाही सांगावे लागते. शिवाय ऑफसाइडच्या जागेवर नुसते उभे राहणे हा गुन्हा नाही. खेळात हस्तक्षेप केला तरच शिट्टी वाजते. यावरून बोलायचे असेल, तर शेवटच्या बॅकच्या रेषेत उभे राहून पाहिलेले असावे. गोलमागे उभा असलेला मनुष्य ऑफसाइडवर मत देत असेल, तर त्याला प्रेमाने चहा द्यावा आणि विषय बदलावा.

खुद्द चर्चेत एक पथ्य पाळावे: मत मांडताना त्यासोबत एक प्रसंग सांगावा. ‘तो भारी खेळतो’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला डावीकडून आलेला चेंडू त्याने उजव्या पायावर घेण्यासाठी थांबवला आणि संधी गेली’ या वाक्याला देता येते, आणि त्यातून पुढचा प्रश्न निघतो की तो डावा पाय वापरतो का. या प्रश्नाला आपल्या भागात जुने मूळ आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, आणि त्या काळचे हैदराबाद ही भारतीय फुटबॉलची एक राजधानीच होती. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला, आणि त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, जे पेशाने मुळात शिक्षक होते, खेळाडूंसाठी फक्त कमजोर पायाने खेळायच्या आणि ड्रिबल न करता, म्हणजे चेंडू पायात घेऊन कुणाला न चकवता, खेळायच्या स्पर्धा भरवत असत. ड्रिबलवर फिदा होणाऱ्या कट्ट्याला हे अधूनमधून ऐकवायला हरकत नाही.

‘त्याची जागा कोणती’ हा दुसरा कायमचा वाद आहे. तो घालताना रहीम यांचेच एक उदाहरण हाताशी ठेवावे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला दुखापत झाली होती, तेव्हा भारताचे प्रशिक्षक असलेल्या रहीम यांनी त्यांना पुढे फॉरवर्ड म्हणून खेळवले. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताने २-१ असा विजय मिळवला, त्यातला एक गोल जर्नेल सिंग यांचा आणि दुसरा पी. के. बॅनर्जी यांचा होता. मात्र या उदाहरणाच्या जोरावर आपल्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बॅकला, उद्यापासून सेंटर फॉरवर्ड करा, असा सल्ला क्रीडा संचालकांना देऊ नये. जर्नेल सिंग हेडरमध्ये पटाईत होते आणि रहीम यांना ते ठाऊक होते. आपल्याकडे तशी नोंद असेल तर बोलावे.

‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी वाक्ये माजी विद्यार्थ्यांनी मोजून वापरावीत. मी हे स्वतःलाही सांगतो आहे. पूर्वीचा खेळाडू स्मृतीत दरवर्षी थोडा उंच होत जातो, आणि त्याच्याशी तुलना झालेल्या आजच्या मुलाला स्वतःचा बचाव करता येत नाही. दोन पिढ्यांची तुलना करायचीच असेल, तर एकच गोष्ट घ्यावी, जसे की कॉर्नर कोण चांगला घेत असे, आणि तेवढ्यावरच थांबावे.

मुलींच्या संघाचे सामने अनेकदा सकाळी लवकर किंवा आडवेळी होतात आणि तिथे वही घेऊन उभा असलेला माणूस जवळपास नसतोच. तिथे जावे. एका सामन्याची चार पाने नोंद केली, तरी त्या संघाविषयी ती बहुधा एकमेव लेखी गोष्ट ठरते.

बोलताना मुले ऐकत असतात, हेही ध्यानात ठेवावे. टपरी मैदानाला लागूनच असते आणि हरलेल्या संघातला मुलगा बूट हातात घेऊन शेजारच्याच बाकावर येऊन बसतो. त्याच्या चुकीविषयी बोलू नये असे नाही. तो जवळ असताना त्याला विचारून बोलावे. गेल्या हंगामाच्या शेवटी मी एका डाव्या बॅकला त्याच्या तीन सामन्यांची पाने फाडून दिली. त्याने रेघा आणि फुल्या बोटाने मोजल्या, मधल्या हिश्श्यातल्या फुल्यांवर थांबला आणि म्हणाला, ‘सर, ह्या सगळ्या त्या पिचवरच्या आहेत, तिथं चेंडू पळतो.’ मी वही पुन्हा तपासली. सात फुल्यांपैकी पाच खरोखर क्रिकेटच्या खेळपट्टीजवळच्या होत्या, आणि ती गोष्ट टिपायला माझ्या वहीत खूणच नव्हती. आता मी तिथे एक चौकोन काढतो.