शाळेच्या निर्णयाचा जाब विचारायला जाताय? या चुका टाळा

आमच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते पाचवी, पट ४७, शिक्षक दोन. एका जूनमध्ये त्यातल्या मॅडमना ‘तात्पुरत्या कामगिरीवर’ दुसऱ्या शाळेत पाठवलं आणि पाचही वर्ग एकट्या गुरुजींवर आले. आम्ही पालक चिडलो, भांडलो, शाळेला कुलूप ठोकलं, पंचायत समितीत ठिय्या दिला. दिवाळी आली तरी काही हललं नाही. शेवटी माहितीच्या अधिकारात त्या आदेशाची नक्कल हाती आली. तिच्यात एक ओळ होती: शाळा व्यवस्थापन समितीची हरकत नाही. सोबत समितीच्या इतिवृत्ताचं, म्हणजे बैठकीच्या नोंदीचं, पान जोडलेलं, त्यावर सात सह्या. त्यातली एक माझी.

त्या सहीचं आधी सांगते, कारण आमचे पाच महिने तिथेच गेले.

न झालेल्या बैठकीवर सही

समितीची बैठक महिन्याला व्हायला हवी. पुष्कळ ठिकाणी होतं असं की एखादं पोर रजिस्टर घेऊन दारात येतं, ‘सरांनी सही मागितलीय’ म्हणतं. आपण पिठाचे हात पुसतो आणि सही करतो. ठराव मागाहून लिहिला जातो. गुरुजींच्या मनात काही वाईट असतं असं मी म्हणणार नाही. त्यांना तालुक्यावरून ‘संध्याकाळपर्यंत इतिवृत्त पाठवा’ असा निरोप आलेला असतो. पण फाइलमध्ये ते पान गेलं की पालक एकत्र बसले, विषय समजून घेतला आणि हो म्हणाले, असंच धरलं जातं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं आणि अनुदानाचा विनियोग पाहणं ही कामं कायद्यानेच समितीला दिली आहेत. एवढा अधिकार असलेल्या समितीची सही साहेबांना हवी असते ती याचसाठी.

म्हणून न झालेल्या बैठकीवर सही करू नका, गुरुजी कितीही जवळचे असले तरी. ठराव मोठ्याने वाचून घ्या. समितीत लिहिता-वाचता न येणारी एखादी आजी किंवा ताई असेल तर हा आग्रह तिच्यासाठी धराच. शेवटच्या ओळीखाली रेघ मारून मग सही करा आणि पानाचा फोटो तिथेच काढा. पटलेलं नसेल तर ‘माझा विरोध’ असं नावानिशी लिहून घ्या.

सही आधीच गेली असेल तरी वाट बंद होत नाही. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो, तेव्हा हरकत नोंदवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. आम्ही पाच जणींनी मिळून पत्र दिलं. त्यात गुरुजींवर आरोप केला नाही. ‘या विषयावर समितीत चर्चा झालेली नव्हती’ एवढंच वाक्य लिहिलं, आणि आमच्या बाजूने हललेला पहिला कागद तोच ठरला.

समोर दिसेल त्याच्यावर राग

गुरुजी रोज भेटतात, म्हणून सगळा राग त्यांच्यावर निघतो. पण शाळेला किती पदं मिळणार हे संचमान्यतेत ठरतं आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर होते. शिक्षक कुठे पाठवायचा हे तालुक्याला किंवा जिल्ह्याला, शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या पातळीवर ठरतं. पडकी खोली पाडायची तर निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव लागतो, त्यात बांधकाम विभाग येतो. भांडायच्या आधी एकच विचारा: या निर्णयाच्या कागदावर सही कोणाच्या हुद्द्याची आहे आणि तारीख कोणती? ते कळेपर्यंत कोणालाही घेराव घालू नका.

‘तोंडी आदेश आहे’ असं उत्तर मिळालं तर तेच लिहून मागा. आमच्या तालुक्यात एका शाळेत एवढ्यानेच काम झालं. आदेश लेखी नव्हताच, आणि तसं लिहून द्यायला कोणी तयार होईना. आठवड्यात शिक्षक परत आले.

निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्यालाही यात ओढा. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत उभं राहून प्रश्न विचारणारं माणूसच नव्हतं, हे आम्ही सोसलं आहे. सदस्य असतील तेव्हा त्यांच्या हातात लेखी मुद्दा द्या. नुसती कैफियत ऐकून ते पुढच्या गावाला जातात.

कुलूप ठोकलं, आणि आश्वासनावर उघडलं

शाळेला टाळं ठोकलं की दोन तासांत गाडी येते, हे खरं आहे. साहेब येतात, ‘आठ दिवसांत शिक्षक देतो’ म्हणतात, टाळ्या पडतात, कुलूप निघतं. आठ दिवसांनी साहेबांचा फोन लागत नाही. आमचं असंच झालं. आंदोलन करू नका असं मी सांगणार नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शाळा वाचवायला बकऱ्या घेऊन निघाली, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ म्हणाली, तेव्हा कुठे राज्याचं लक्ष तिकडे गेलं. पण जमेल तिथे मुलांचा वर्ग बुडवू नका, पालकांनी बसावं. आणि काय करणार, किती तारखेपर्यंत, हे सही-शिक्क्यासह हातात आल्याशिवाय उठू नका.

रागाच्या भरात दाखले काढणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. ‘शिक्षक देत नाहीत ना, मग आम्ही इंग्रजी शाळेत घालतो’ म्हणून पंधरा-वीस दाखले निघतात. ३० सप्टेंबरला पट घसरतो आणि मग दुसरं पद मागायचा आधारच जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, ६१ ते ९० ला तीन. आमच्या ४७ मुलांसाठी दोन शिक्षक हा आमचा हक्क होता आणि तो सिद्ध करायला ती ४७ मुलं पटावर असावी लागत होती. ज्यांना जाणं भाग होतं त्यांना मी दोष देत नाही. बाकीच्यांच्या घरी मात्र आम्ही रोज संध्याकाळी गेलो, सप्टेंबर संपेपर्यंत थांबा म्हणून.

माहितीच्या अधिकारात ‘का’ विचारणं

माझा पहिला अर्ज होता: ‘आमच्या शाळेचा शिक्षक का काढला आणि याला जबाबदार कोण?’ उत्तर आलं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. तेव्हा मला संताप आला होता, पण चूक माझी होती. या कायद्यात कागद मागायचा असतो. दुसऱ्या अर्जात लिहिलं: ‘अमुक शाळेतील शिक्षकाच्या कामगिरीबाबतचा आदेश, त्यामागची टिपणी आणि सोबतची सर्व जोडपत्रं यांच्या प्रती द्याव्यात.’ पंचविसाव्या दिवशी सगळं हातात आलं, माझ्या सहीसकट.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत करा. ही मुदत बहुतेकांची निसटते, म्हणून अर्ज दिला त्याच दिवशी घरच्या कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल करा.

अर्जाआधी यू-डायस प्लस या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या शाळेची नोंदही पाहा. शाळेचा अकरा अंकी क्रमांक दर्शनी फलकावर असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. मुलींचं स्वच्छतागृह तिथे ‘वापरात’ दाखवलेलं आणि प्रत्यक्षात त्याला कुलूप, असं दिसलं तर फोटो आणि ती नोंद शेजारी-शेजारी ठेवली की वाद उरत नाही.

पोच न घेता तक्रार देणं

आवक क्रमांक नसलेला अर्ज टेबलावरून नाहीसा होतो. क्रमांक असलेला अर्जही कधी ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ खाली सरकत ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांच्याकडेच पोहोचतो. म्हणून अर्जात शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ लिहा. त्यानुसार स्थानिक प्राधिकरणाने तक्रारदाराला म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. ‘कार्यवाही सुरू आहे’ या पत्राने ती मुदत थांबत नाही.

आमच्या मॅडम जानेवारीत परत आल्या. पाचवीच्या मुलांचं शिष्यवृत्तीचं वर्ष त्यात गेलं ते गेलंच.

‘समूह शाळा’ आली की अंतर कागदावरून मान्य करणं

शेजारच्या वस्तीच्या शाळेचा पट १४. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळेसाठी, म्हणजे जवळच्या छोट्या शाळा मिळून एकच शाळा करण्यासाठी, प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा अशा चौदा हजारांहून जास्त शाळा राज्यात होत्या. त्या वस्तीत लगेच कुजबुज सुरू झाली. तिथले पालक आमच्याकडे आले ते हाच प्रश्न घेऊन: आता काय करायचं?

प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत, हा राज्याच्या नियमातला निकष आहे. प्रस्तावात अंतर कुठून कुठे धरलं ते आधी पाहा. गावठाणातून शाळेपर्यंत ९०० मीटर असेल, पण शेवटच्या घरातून मूल निघतं तेव्हा मध्ये ओढा असतो. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या, याची २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ‘बस देऊ’ असं कोणी म्हणालं तर बस कोणत्या रस्त्याने, किती वाजता, चालकासोबत बाई असणार का, हे सगळं लेखी मागा.

आणि ग्रामसभेचा ठराव करा. ‘शाळा बंद करू नये’ एवढ्या एका ओळीचा नको. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. आया आणि आज्या मिळून ती भरतात. ठरावात मुलांची संख्या, शेवटच्या घरापासूनचं अंतर, वाटेतला ओढा, सूचक-अनुमोदकांची नावं येऊ द्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) प्रमाणित प्रत घ्या.

अंतर मोजायला जुलैत जा, पहिलीतल्या मुलाला सोबत घेऊन. आम्ही गेलो तेव्हा सव्वा किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. ती पन्नास मिनिटं आम्ही ठरावात लिहून घेतली, आणि सह्या करायच्या आधी तो ठराव सगळ्यांसमोर वाचला.