ग्रंथालय परिचरांचे प्रशिक्षण रॅकपासून सुरू करावे

विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्याने रुजू झालेल्या परिचराला पहिल्याच दिवशी परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली देऊन "एवढी लावून या" असे सांगण्याची पद्धत सर्रास आढळते. तो पुस्तके लावतोही. मात्र ती नेमकी कोठे लावली, हे साठा पडताळणीच्या वेळी उघड होते. चुकीच्या कप्प्यात गेलेले पुस्तक संगणकावर 'उपलब्ध' दिसत राहते आणि वाचकाच्या लेखी ते हरवलेलेच असते. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात सभागृहातील व्याख्यानाने न करता रॅकसमोर उभे राहून करावी. ग्रंथालय उघडल्यावर, वर्दळ सुरू होण्यापूर्वीची पंधरा-वीस मिनिटे त्यासाठी योग्य असतात.

पहिला धडा बोधांकाचा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरील कॉल नंबरचा. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ असून त्यातील कथा-कादंबऱ्या ८९१.४६३ येथे येतात, तर गुजराती साहित्य ८९१.४७ येथे येते. नवा कर्मचारी दशांशचिन्हापुढील आकडे 'चारशे त्रेसष्ट' आणि 'सत्तेचाळीस' असे वाचतो आणि मराठी कादंबरी गुजराती पुस्तकांच्या पुढे नेऊन ठेवतो. चूक त्याच्या बुद्धीची नसून रोजच्या मोजणीच्या सवयीची आहे. येथे रुपये-पैशांचे उदाहरण देण्याचा मोह आवरावा, कारण त्याने गोंधळ वाढतो. शब्दकोशात शब्द जसे एकेक अक्षर पाहून लावतात, तसे हे आकडे एकेक करून वाचायचे, एवढे सांगितले की पुरते: दोन्हीकडे चार सारखा, पुढे सहा आणि सात, सहा आधी. वर्गांक सारखा निघाला, तरच त्याखालची ग्रंथकाराची खूण पाहावी.

सरावासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. जुन्या तालिका-कार्डांचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी असलेल्या कार्डांचे, खण बहुतेक ग्रंथालयांत कोपऱ्यात धूळ खात पडलेले असतात. त्यांतून वीस कार्डे काढून, पत्त्यांसारखी पिसून टेबलावर ठेवावीत आणि क्रमाने लावायला सांगावीत. चूक झाल्यास कार्ड उचलून योग्य जागी ठेवून देऊ नये; "हे येथे का ठेवले?" असे विचारावे. उत्तर देता देता चूक बहुधा त्याची त्यालाच सापडते. वीस कार्डे सलग तीन दिवस बिनचूक लागली की एक रॅक त्याच्या नावे करून द्यावा आणि रोज सकाळी त्यातील पुस्तकांचा क्रम तपासणे हे त्याचे काम ठरवावे.

याच वेळी पुस्तक काढण्याची रीतही दाखवावी. पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढल्याने बांधणी तेथेच फाटते. त्याऐवजी शेजारची दोन पुस्तके किंचित आत ढकलून मधले पुस्तक पाठीच्या मध्यावर धरून काढावे. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावण्याची सवयही मोडावी. ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि डाग मागे राहतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात खालचे कप्पे ओलीसाठी आठवड्यातून एकदा पाहायला शिकवावे. बुरशी धरलेले पुस्तक आधी इतरांपासून वेगळे ठेवायचे असते, जागच्या जागी झटकायचे नसते.

संगणकावर देवघेव शिकणे त्यामानाने सोपे असते. ग्रंथालयाची संगणकप्रणाली सोल असो वा कोहा, बारकोड वाचून पुस्तक देणे-घेणे दोन दिवसांत जमते. अडते ते देवनागरी शोधात. 'वऱ्हाड' या शब्दातील ऱ्ह संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो. दोन्ही रूपे दिसायला एकसारखी, पण यंत्राच्या दृष्टीने निराळी. त्यामुळे नोंद एका प्रकारे आणि शोध दुसऱ्या प्रकारे झाला की अनेकदा 'निकाल नाही' असे उत्तर येते आणि रॅकवर असलेले पुस्तक नाही म्हणून वाचक परत जातो. तेव्हा शब्दाचा अडचणीचा भाग वगळून शोधणे, ग्रंथकाराचे आडनाव देऊन पाहणे आणि शेवटी रॅकवर जाऊन खात्री करणे, हा क्रम परिचराच्या अंगवळणी पाडावा. नोंदी करणाऱ्या सहायकांनी मात्र एकच टंकनपद्धत ठरवून घ्यावी, हे उत्तम.

वाचकाशी बोलणे हा प्रशिक्षणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. विद्यार्थी "अर्थशास्त्राचे पुस्तक हवे" म्हणतो तेव्हा त्याला हवे असते ते सहकारी बँकांवरील एखादे प्रकरण. "कोणत्या वर्गाला आहात? प्रकल्पासाठी हवे की परीक्षेसाठी?" असे दोन प्रश्न विचारले की 'आत जाऊन बघा' म्हणण्याची वेळ येत नाही. विषयाचे मार्गदर्शन करणे परिचराकडून अपेक्षित नाही. पण संशोधक जुना प्रबंध मागत असेल, तर तो शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातही पाहता येतो आणि त्यासाठी कोणत्या सहायकाकडे जावे, हे त्याला ठाऊक असावे. हे संवाद सहकाऱ्यांनी आपसांत वाचक होऊन करून पाहावेत. सुरुवातीला हसू येते, ते येऊ द्यावे.

महिनाअखेरीस लेखी परीक्षा घेऊ नये. यादृच्छिक दहा बोधांक लिहिलेली चिठ्ठी हातात द्यावी आणि ती दहा पुस्तके आणायला सांगावीत. न सापडलेल्या पुस्तकांचा शोध प्रशिक्षकाने त्याच्याबरोबर जाऊन घ्यावा, कारण त्यांतली एकदोन तरी आधीच्या कोणीतरी चुकीच्या जागी लावलेली निघतात.