एजंट क्षमस्व, पण फाइल कुठंय? फ्लॅट विकताना या चुका टाळा

'दोन बेडरूम, तिसरा मजला, लिफ्ट, भरपूर हवा-उजेड, मेट्रो पाच मिनिटांवर, एजंट क्षमस्व.' पुण्यात अशी जाहिरात टाकली की फोन खणखणायला लागतो. त्यातले निम्मे एजंटांचेच असतात, ते सोडा. खरं गिऱ्हाईक येतं, घर आवडतं, भाव जमतो, पेढेही वाटून होतात. मग त्याच्या बँकेचा वकील एक कागद मागतो आणि तो कपाटात सापडत नाही. माझ्या पाहण्यातले बरेच व्यवहार भावावरून तुटले नाहीत, ते या टप्प्यावर अडकले. म्हणून फोटो काढायच्या आधी फाइल काढा.

फाइलमध्ये काय हवं? बिल्डरबरोबरचा मूळ नोंदणीकृत करार. तुम्ही दुसरे किंवा तिसरे मालक असाल तर मधले सगळे करार, प्रत्येकाच्या इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा व्यवहाराचा गोषवारा) आणि नोंदणीच्या पावतीसकट. तुमचं नाव चढवलेलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), मिळकतकराची ताजी पावती, सोसायटीचा 'येणे बाकी नाही' दाखला. करारात 'सुधा', आधारवर 'सुधाताई' आणि पॅनवर माहेरचं नाव असा प्रकार असेल तर तो आताच निस्तरा. डिसेंबर १९८५ नंतरच्या जुन्या करारावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं नसेल, तर ते आज दंडासकट भरावं लागू शकतं. तो खर्च कोणाचा, यावरून ऐन वेळी भांडण होतं.

मूळ करारच हरवला असेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करायची, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढायची. तेवढ्यावरही काही बँका कुरकुर करतात. तेव्हा गिऱ्हाइकाला हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. त्याला कर्जासाठी दुसरी बँक बघायला वेळ मिळतो.

'नॉमिनी आईच होती की!'

घर वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर इथे थांबा. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज अजून घट्ट आहे. सोसायटी नॉमिनीला सभासद म्हणून तात्पुरती मान्यता देते, पण मालकी वारसांची. इच्छापत्र नसेल तर आई आणि सगळी भावंडं, लग्न झालेल्या बहिणींसकट. पुतण्याच्या किंवा धाकट्या भावाच्या भरवशावर जाहिरात टाकून मग नागपूरच्या ताईला फोन करणं हा उलटा क्रम झाला. एक तर सगळ्या वारसांनी विक्रीच्या करारावर सह्या करायच्या, नाहीतर ज्याच्या नावे घर करायचं त्याच्या हक्कात बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यायचं. इच्छापत्र असेल तर ते वकिलाला आधी दाखवा. मुंबईतल्या मिळकतीला पूर्वी प्रोबेट, म्हणजे इच्छापत्रावर न्यायालयाची मोहोर, सक्तीचं असायचं; ती सक्ती २०२५ मध्ये कायद्यातून काढली.

भाऊ परदेशात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र लागतं. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यायचं किंवा तिथे नोटरी करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा शिक्का, घ्यायचं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि नेमकी हीच मुदत लोक चुकवतात. 'माझी काही हरकत नाही' असा व्हॉट्सअॅप मेसेज दुय्यम निबंधकांच्या टेबलावर चालत नाही.

क्षेत्रफळ आणि पार्किंग: जाहिरातीतल्या दोन थापा

जुन्या सोसायट्यांमध्ये मालक अजून 'हजार स्क्वेअर फूट' सांगतात. तो आकडा सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना, लॉबी सगळं धरून. आजचं गिऱ्हाईक कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, विचारतं, आणि मोजपट्टी लावल्यावर सहाशे ऐंशी निघाले की त्याला बाकीच्या बोलण्यावरही संशय येतो. करारात लिहिलेलं कार्पेट तेवढंच छापा.

पार्किंगचं प्रकरण नाजूक आहे. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा बिल्डरला स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. जागावाटप सोसायटी करते, आणि सभासदाला ती जागा परस्पर विकता येत नाही. तेव्हा 'पार्किंगसह' लिहिण्याआधी सचिवांना विचारा की नव्या सभासदाला ती जागा मिळणार की यादीत थांबावं लागणार. उत्तर लेखी घ्या.

भाव

शेजारच्या इमारतीत 'एक कोटी दहाला गेला' हे ऐकीव असतं. सांगणाऱ्याने मागितलेला भाव सांगितलेला असतो, मिळालेला नव्हे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो. तुमच्याच इमारतीतले अलीकडचे व्यवहार काढून बघा. समोरच्याचं बजेट तुमच्या भावावर संपत नाही, हेही लक्षात ठेवा. पुण्यात त्याला सात टक्के मुद्रांक शुल्क भरायचंय (खरेदीदार बाई असतील तर एक टक्का सवलत), वर कमाल तीस हजार नोंदणी फी. 'पुढेमागे रीडेव्हलपमेंट होणारच' म्हणून पंधरा लाख वाढवणाऱ्यांबद्दल काय बोलावं? सोसायटीचा ठराव आणि विकसकाबरोबरचा करार हातात नसेल, तर त्या शब्दाचे पैसे कुणी देत नाही.

दुसरी चूक कागदावर भाव कमी दाखवण्याची. रोखीतली रक्कम वेगळी ठेवायची, ही सवय अजून गेलेली नाही. समजा करार सत्तर लाखांचा केला आणि रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकानुसार) किंमत ऐंशी लाख आली. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला, की तुमचा भांडवली नफा ऐंशीवर मोजतात आणि समोरच्याच्या उत्पन्नात वरचे दहा लाख धरले जातात. शिवाय घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. घेणारे तुम्ही.

एजंट एक की पाच?

पाच एजंटांना चावी दिली की घर लवकर विकलं जातं, असं वाटतं खरं. होतं असं की नाइन्टीनाइन एकर्सवर आणि मॅजिकब्रिक्सवर तोच फ्लॅट ८२, ८५ आणि ७८ लाखांना दिसतो, एकाच हॉलच्या पाच फोटोंसकट. गिऱ्हाईक ७८ पासून घासाघीस सुरू करतं. मी म्हणेन एक, फार तर दोन. दलाली किती, कुणाकडून आणि कधी हे आधी लिहून घ्या. दोन्हीकडून दोन-दोन टक्के मागतात, बोलणी केली की एकवर येतात. पैसे करार नोंदवल्यावर द्या. टोकन आल्या आल्या दलाली मागणाऱ्याला पुढच्या कटकटीत रस नसतो. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे एजंटाने नोंदणी करायची सक्ती मुख्यतः तिथे नोंदवलेल्या प्रकल्पांपुरती, पण तिथल्या एजंटाला परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे नोंदणी क्रमांक जरूर विचारा. स्वतः विकायला वेळ असेल तर 'एजंट क्षमस्व' योग्यच आहे. फक्त बँक, सोसायटी आणि नोंदणी कार्यालयातल्या खेपा मग तुमच्याच.

जाहिरात पाहून न भेटताच 'घर पसंत, टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या, तो स्वतःला फौजेतला अधिकारी म्हणत असला तरी. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावा लागत नाही.

विसार घेतला, पुढे?

टोकन घेताना चार ओळींची विसारपावती करा. एकूण किंमत, करार कधी, कर्ज नामंजूर झालं तर रक्कम परत की नाही, फर्निचर आणि एसी राहणार की जाणार. भांडणं किमतीवरून कमी होतात, गीझरवरून जास्त.

तुमचंच कर्ज बाकी असेल तर लपवू नका. बँकेकडून कर्जफेडीच्या रकमेचं पत्र आणि बँकेत असलेल्या कागदांची यादी घ्या. समोरच्याची बँक तुमच्या बँकेला थेट पैसे भरते. हे रोजचं काम आहे, फक्त आठवडे जातात. करारात तारखा त्या हिशेबाने टाका.

सोसायटी अडवते तेव्हा: आदर्श उपविधींनुसार हस्तांतराला ना-हरकत लागत नाही, पण समोरच्याची बँक मागते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य (फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) जास्तीत जास्त २५ हजार. 'बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने एक लाख द्या' अशी मागणी आली तर तीही लेखी मागा. बहुतेकदा तिथेच विषय संपतो. नाही संपला तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार तुमच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापतो. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर एक टक्क्याचा नियम लागू नाही, कपात कितीतरी मोठी असते. कमी दराचं प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून करार करण्याच्या आधी काढा. नंतर परतावा मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. २००१ पूर्वी घेतलेलं घर असेल तर भांडवली नफा काढताना खरेदीच्या जागी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेऊन ठेवा.

चावी शेवटचा रुपया खात्यात आल्यावर द्या, 'फक्त सुतार पाठवायचाय' म्हटलं तरी. चावी देताना वीजमीटरचं रीडिंग दोघांच्या सहीने लिहून ठेवा आणि महिन्याभराने मीटर, पाइप गॅस आणि मिळकतकरावरचं नाव बदललं का ते बघा.