किशोरांच्या खिशातलं खोडकर यंत्र

किशोरवयीन मुलांचं रोजचं जगणं समजून घ्यायचंय? मग प्रश्नावली बाजूला ठेवून त्यांच्या हाती खिशात मावणारं एखादं खोडकर यंत्र द्या. या कल्पनेचं मूळ ‘कल्चरल प्रोब्ज’ या पद्धतीत आहे, म्हणजे लोकांना छोट्या वस्तू देऊन त्यांचं जगणं त्यांच्याच हातून टिपून घ्यायचं. बिल गेव्हर, टोनी डन आणि एलेना पाचेंती या डिझाइन संशोधकांनी ती १९९९ मध्ये मांडली. गंमत म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठी, पोस्टकार्डं, नकाशे आणि कॅमेरे वाटून.

यंत्राला एकच काम द्या. बटण दाबलं की दहा सेकंद आवाज टिपला जातो, बस. हे मोबाइलवरही होतं, पण तिथे मित्रांचे मेसेज आले की संशोधन संपलंच! सूचना मोघम ठेवा: ‘आजची सगळ्यात कंटाळवाणी जागा ऐकवा.’ उत्तर चुकायची भीतीच नाही.

सतत चालू राहणारा माइक मात्र नको. रेकॉर्डिंग होताना दिवा लागलाच पाहिजे, आणि पुसायचं बटण मुलांच्याच हाती हवं. पालकांची संमती लागतेच. मुलांचीही वेगळी घ्या.

दिसायला बालिश नको, नाहीतर ते दप्तराबाहेर येणारच नाही. यंत्र परत आल्यावर लगेच आलेख काढायला बसू नका. आधी आवाज मुलांनाच ऐकवा आणि विचारा, ‘इथे काय चाललं होतं?’