माउंटिफोर्ट लाँगफील्ड यांचं चरित्र-टिपण कसं लिहावं

एकोणिसाव्या शतकातल्या न्यायाधीशाचं चरित्र लिहायला घेतलं की बहुतेकदा हाती उरते ती पदांची यादी. आयर्लंडच्या माउंटिफोर्ट लाँगफील्ड (१८०२–१८८४) यांची यादी तर बरीच लांब होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला कायद्याचा प्राध्यापक आणि कर्जात बुडालेल्या इस्टेटी विकायला काढणारा न्यायाधीश, या दोघांना जोडतो तो जमिनीचा प्रश्न. टिपण त्याच्याभोवतीच बांधा.

आधी कागदावर दोन रकाने आखा, एक विद्यापीठाचा आणि एक कोर्टाचा. पहिल्यात १८३२, राजकीय अर्थशास्त्राचे पहिले व्हेटली प्राध्यापक (आर्चबिशप व्हेटली यांच्या नावाचं अध्यासन). १८३४ पासून मृत्यूपर्यंत सरंजामी व इंग्रजी कायद्याचे रीजियस, म्हणजे राजाच्या नावाने असलेल्या पदावरचे, प्राध्यापक. दुसऱ्यात १८२८, वकिलीची सनद. १८४९, एन्कम्बर्ड इस्टेट्स कोर्टाच्या, म्हणजे कर्जबाजारी इस्टेटी विकणाऱ्या कोर्टाच्या, तीन कमिशनरांपैकी एक. १८५८ ते १८६७, त्याच्या जागी आलेल्या लँडेड इस्टेट्स कोर्टाचे न्यायाधीश. रकाने शेजारी ठेवले की न्यायाधीश असतानाही प्राध्यापकपद त्यांच्याकडेच होतं, हे लगेच दिसतं. ‘१८४९ पासून न्यायाधीश’ असं लिहू नका. तेव्हा त्यांचं पद कमिशनरचं होतं.

घरची माहिती जनगणनेत शोधत बसू नका. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार जळालं तेव्हा गेले; १८६१ ते १८९१ चे सरकारनेच नष्ट केले. मृत्युपत्रांचीही तीच गत, पण १८५८ पासूनच्या प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रांना कोर्टाने दिलेल्या मंजुरीची, छापील कॅलेंडरं (वार्षिक सूच्या) वाचली आहेत. त्यांत मृत्यूची तारीख, पत्ता आणि मालमत्तेची किंमत मिळते. मृत्यूची नोंद १८६४ पासून सरकारी रजिस्टरात सापडते. नाव शोधताना ‘माउंटिफोर्ट’च्या शेवटी टी आणि डी, तर ‘एन्कम्बर्ड’च्या सुरुवातीला ई आणि आय, अशी दोन्ही स्पेलिंग टाकून पाहा. जुन्या छपाईत दोन्ही येतात.

मग त्यांचं लेखन. १८३४ ची अर्थशास्त्रावरची व्याख्यानं आणि १८७० चा आयर्लंडमधल्या जमीनधारणेवरचा निबंध लागोपाठ वाचा. निबंधात कुळाच्या हक्काला कायद्याची मान्यता देण्याची योजना आहे. मधली वर्षं त्यांनी इस्टेटी विकण्यात घालवली होती, हे ध्यानात ठेवून वाचलं तरच या योजनेचं वजन कळतं.

ते काम समजायला कोर्टाच्या विक्रीची एक तरी छापील पुस्तिका, म्हणजे ‘रेंटल’, पूर्ण पाहा. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि अभिलेखागारात त्यांचे संच आहेत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात खंड थकला, जमीनदार गहाणाचं व्याज भरू शकेनात, म्हणून १८४९ चा कायदा आला. कोर्ट जमीन विकून सावकारांची देणी फेडायचं आणि खरेदीदाराला जुन्या दाव्यांपासून मुक्त असा पक्का हक्क द्यायचं. रेंटलमध्ये कुळाचं नाव, क्षेत्र, वार्षिक खंड आणि पट्ट्याच्या अटी ओळीने असतात, बहुधा नकाशाही असतो.

क्षेत्र ‘एकर-रूड-पर्च’मध्ये असतं: ४० पर्चचा रूड, ४ रूडचा एकर. आपल्या मापात रूड म्हणजे दहा गुंठे, पर्च म्हणजे पाव गुंठा. पण हे झालं ४,८४० चौरस यार्डांच्या स्टॅट्यूट एकरचं. काही कागदांत ७,८४० चौरस यार्डांचा आयरिश एकर असतो. शीर्षकात माप कोणतं ते आधी तपासा, नाहीतर एकरी खंड सुमारे १.६२ पटींनी चुकेल आणि जमीनदार उगाच क्रूर किंवा दयाळू ठरेल.

शेवटी तेच गाव ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे कर बसवण्यासाठी केलेल्या जमीन-घरांच्या छापील मोजदादीत (१८४७–१८६४), काढा. तिथे प्रत्येक कुळाशेजारी जमीन देणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. त्या काउंटीचं मूल्यांकन विक्रीच्या आधी छापलं की नंतर, हे पाहूनच जुनी आणि नवी नावं ताडून बघा.