फटाका की गोळी? आवाजातला फरक कसा ओळखावा

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दक्षिण मुंबईत पहिले आवाज आले तेव्हा ते ऐकणाऱ्या अनेकांना फटाकेच वाजताहेत असं वाटलं. तसं वाटण्यात त्यांची काही चूक नव्हती. लग्नसराई सुरू झाली होती, आणि त्याच दिवशी कटकच्या एकदिवसीय सामन्यात भारताने इंग्लंडला हरवलं होतं. पॅरिसच्या बाताक्लां सभागृहात १३ नोव्हेंबर २०१५ ला आणि लास वेगासच्या संगीत महोत्सवात १ ऑक्टोबर २०१७ ला गोळीबार झाला तेव्हा हेच झालं. कार्यक्रमाचाच भाग म्हणून आतषबाजी सुरू झाली, अशी पुष्कळ प्रेक्षकांची पहिल्या काही क्षणांत समजूत झाली. २०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरच्या रात्री, वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तर जवळपास खरोखरच फटाके वाजत होते.

अशा वेळी कान ऐकतो बरोबर, पण मन घाई करतं आणि ओळखीचं उत्तर आधी देऊन टाकतं. म्हणून हा लेख दोन गोष्टींसाठी आहे: कानाला थोडी सवय लावण्यासाठी, आणि कानाला उत्तर मिळण्याआधीच शरीराने काय करायचं ते ठरवून ठेवण्यासाठी. नुसत्या आवाजावरून शंभर टक्के खात्री कुणालाच देता येत नाही. अमेरिकेतल्या काही शहरांत गोळीबार टिपण्यासाठी रस्त्यांवर मायक्रोफोन बसवले आहेत. तिथेही यंत्राने टिपलेला आवाज आधी प्रशिक्षित माणसं ऐकतात आणि मगच पोलिसांना कळवलं जातं, कारण फटाक्यांनी यंत्रही फसतं.

पायरी १ : आधी फटाके नीट ऐका

बंदुकीचा आवाज ऐकण्याची संधी बहुतेकांना मिळत नाही, आणि मिळू नये. फटाके मात्र दरवर्षी ऐकायला मिळतात. तेव्हा उलट्या बाजूने सुरुवात करायची. फटाका इतका नीट ओळखायला शिकायचा, की त्यात न बसणारा आवाज आपोआप खटकला पाहिजे. दिवाळीत एका संध्याकाळी गॅलरीत डोळे मिटून बसा आणि काय वाजलं ते ओळखण्याचा खेळ मुलांबरोबर खेळा.

सुतळी बॉम्ब एकटा वाजतो. कुणीतरी वात पेटवतं, मागे पळतं, थांबतं, मग बार होतो. दुसरा बॉम्ब लावायला पुन्हा तेवढाच वेळ जातो. म्हणजे दोन बारांमधलं अंतर मोठं असतं आणि दर वेळी वेगळं असतं. एकाच जागेवरून एका सेकंदात तीन सुतळी बॉम्ब सहसा वाजत नाहीत.

माळ दाट वाजते. लवंगी माळेत एक बार दुसऱ्यावर चढतो, मध्येच आवाज घट्ट होतो, मध्येच विरळ होतो, आणि संपता संपता दोन-चार चुकार लवंग्या उशिरा तडतडतात. बार सारखे नसतात, काही फुसके निघतात.

रॉकेट आधी सुंईऽऽ करत वर जातं. आकाशात फुटणाऱ्या शॉटच्या खोक्यातून आधी जमिनीवर ‘ठप्’ असा बसका आवाज येतो, मग क्षणभराने वर मोठा बार होतो आणि त्यामागून बहुतेक वेळा चटचट येते. ही शिटी आणि चटचट बंदुकीत नसते. ती ऐकू आली की मोठा दिलासा समजा.

पायरी २ : लय मोजा

मला सगळ्यात उपयोगी वाटणारी खूण हीच. एकाच बंदुकीतून सुटलेल्या गोळ्यांचे आवाज जोराला आणि पोताला जवळजवळ एकसारखे असतात, कारण काडतूस तेच आणि नळीही तीच. फटाक्यांत लहान-मोठं मिसळलेलं असतं.

पिस्तूल बोटाने चालतं. त्यामुळे लय माणसाची असते: फट्, फट्… फट्-फट्, मग थोडी शांतता, पुन्हा दोन-तीन बार. ही शांतता नेम बदलण्याची, जागा बदलण्याची किंवा पुन्हा गोळ्या भरण्याची असू शकते. ती ऐकून ‘संपलं वाटतं’ असं म्हणत डोकावायला जाऊ नका.

एके-४७ सारखी रायफल सलग चालवली तर तिचा वेग मिनिटाला सुमारे ६०० फैरींचा असतो, म्हणजे सेकंदाला १०. शिलाई मशीन चालावं तसे ते बार एकसारख्या अंतराने येतात. ३० गोळ्यांचं मॅगझीन या वेगाने साधारण ३ सेकंदांत रिकामं होतं. माळ इतकी नेमकी कधीच वाजत नाही, आणि बरीच माळ इतक्या लवकर संपतही नाही.

पायरी ३ : आवाजाचा पोत ऐका

सिनेमातला ‘ढिश्क्यांव’ विसरा. तिथे आवाजात घुमारा आणि खर्ज मुद्दाम भरलेला असतो. मोकळ्या जागेत काही अंतरावरून ऐकलेली पिस्तुलाची गोळी कोरडी आणि तुटक वाजते. कुणी तिला फळी आपटल्यासारखी म्हणतं, तर कुणी नुसतं ‘फटफट’ म्हणतं. ‘एवढासा आवाज, बंदूक कशी असेल’ हा विचार अनेकांना घातक ठरला आहे.

रायफलच्या बाबतीत एक जास्तीची खूण असते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. एके-४७ ची गोळी नळीतून सुमारे ७०० मीटरच्या वेगाने सुटते, म्हणजे आवाजाच्या दुप्पट. गोळी तुमच्या जवळून गेली, तर तिने हवा फाडल्याचा चाबकासारखा ‘टच्च’ आवाज आधी येतो आणि नळीचा बसका ‘धब्’ मागून पोचतो. शॉटच्या खोक्यात क्रम बरोबर उलटा असतो: आधी खाली बसका, मग वर तीक्ष्ण. तीक्ष्ण आवाज आधी आणि बसका नंतर अशी जोडी ऐकू आली, तर विचार करत उभं राहू नका, खाली बसा.

याच कारणाने दिशेचा अंदाज चुकतो. पहिला तीक्ष्ण आवाज गोळीच्या वाटेवरून येतो, बंदुकीच्या जागेवरून येत नाही. चाळींच्या बोळात, उंच इमारतींच्या मधल्या चौकात किंवा रेल्वे स्थानकाच्या छपराखाली प्रतिध्वनी आणखी घोळ घालतो. चार बाजूंनी गोळीबार होतोय असं वाटतं आणि चालवणारा एकच असतो.

अंतराचाही परिणाम होतो. लांबच्या आवाजातली तीक्ष्ण धार हवेत विरते आणि उरतो तो ‘धुब्’. त्यामुळे दीड-दोन किलोमीटरवरचा सुतळी बॉम्ब आणि तितक्याच अंतरावरची गोळी यांत नुसत्या कानाने फरक करणं फार कठीण आहे. हिवाळ्यातल्या थंड, स्थिर रात्री आवाज एरवीपेक्षा लांबवर जातो, म्हणून दूरचं जवळ वाटतं. देवळालीला तोफखान्याच्या सरावाजवळ किंवा अहिल्यानगरला लष्कराच्या के. के. रेंज या सरावाच्या मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगायला नको. तिथे जड दणका येतो, तावदानं थरथरतात, आणि लोक जेवणावरून उठतसुद्धा नाहीत.

पायरी ४ : आवाजाच्या आजूबाजूचं ऐका आणि पाहा

फटाक्यांभोवती माणसं असतात. बारानंतर हसणं, आरडाओरडा, पोरांचं ‘अजून एक लाव’, वरातीचा बँड यांतलं काहीतरी येतं. गोळीबारानंतर किंकाळी येते, काच फुटते, पळणाऱ्या पावलांचा आवाज होतो, किंवा अचानक सगळं गप्प होतं. कुत्र्यांवरून काही ठरवू नका, ती दोन्हीला भुंकतात.

आकाशात उजेड दिसला तर सेकंद मोजा. उजेड आणि आवाज यांत ३ सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण १ किलोमीटर. फटाक्याचा धूर रेंगाळतो आणि गंधकाचा वास येतो. हल्लीच्या काडतुसांत कमी धुराची दारू असते, त्यामुळे धुराचा लोट दिसत नाही. भिंतीचा गिलावा उडाला, धूळ उठली, गाडीच्या काचेला भोक पडलं, तर मात्र आणखी पुरावा शोधत बसायचं नाही.

फसवणारे आवाज इतरही आहेत. बुलेट मोटरसायकलचा बदललेला सायलेन्सर फटाके काढतो, पण त्याच्या मागे-पुढे इंजिनचा आवाज असतो आणि तो पुढे सरकत जातो. ट्रान्सफॉर्मर उडाला तर एकच धडाका होतो आणि बहुधा दिवे जातात. खाणीतल्या सुरुंगाने पायाखालची जमीन हलते. ६ ऑगस्ट २०१९ ला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मोटरसायकलच्या अशाच फटफटाटाने गर्दी सैरावैरा धावली आणि काही जण जखमी झाले. त्याआधीच्या तीनच दिवसांत अमेरिकेतच एल पासो आणि डेटन इथे मोठे गोळीबार झाले होते, त्यामुळे लोकांची मनं धास्तावलेली होती. गर्दीत असाल तर आवाजापासून बाजूला व्हायचं, पण ढकलाढकली करायची नाही. चेंगराचेंगरी गोळीइतकीच जीवघेणी असते.

पायरी ५ : तारखेवर जास्त भरवसा ठेवू नका

आज विसर्जन आहे का, निकाल आहे का, सामना जिंकला का, जवळ लग्न आहे का, हे जरूर आठवा. कारण सापडलं तर फटाक्याची शक्यता वाढते, एवढंच. वांद्र्याची रात्र दसऱ्याचीच होती. शिवाय काही वरातींत आणि मिरवणुकीत हौसेने हवेत गोळ्या झाडल्या जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात यासाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, म्हणून अशा ठिकाणी गच्चीवर थांबू नका आणि मुलांना आत घ्या.

पायरी ६ : शंका आली की आधी आडोसा, मग विचार

फटाके असूनही तुम्ही जमिनीवर बसलात, तर कपडे मळतील. उलट झालं, तर उभं राहिल्याची किंमत फार मोठी आहे. त्यामुळे शिटी नाही, चटचट नाही, हसणं नाही, आणि एकसारखे तीन-चार बार पटापट आले, इतकं पुरेसं आहे.

घरात असाल तर खिडकीपासून दूर व्हा, दिवा बंद करा, जमिनीवर बसा. काँक्रीटचा खांब किंवा जाड विटांची भिंत मध्ये येऊ द्या. प्लायवूडचं पार्टिशन, दार आणि सोफा तुम्हाला लपवतात, पण गोळी अडवत नाहीत. रस्त्यावर गाडीमागे जायची वेळ आली तर इंजिन आणि चाकाच्या बाजूला राहा, कारण दाराचा पत्रा काही कामाचा नाही. बाहेर पडायची मोकळी वाट दिसत असेल आणि ती आवाजापासून दूर नेत असेल, तर लपण्यापेक्षा निघून जाणं चांगलं. २६/११ ला सीएसटीवर रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या सूचनेने कित्येक माणसं वाचली. तुमच्या रोजच्या स्थानकाची, मॉलची, कार्यालयाची मागची वाट कोणती, हे आजच पाहून ठेवा.

मोबाइलचा आवाज बंद करा आणि चित्रीकरणासाठी खिडकीत उभे राहू नका. फोनचा मायक्रोफोन इतका मोठा, क्षणिक आवाज दाबून टाकतो, त्यामुळे ती क्लिप नुसती ऐकून नंतर फरक ओळखणं कठीण असतं. पोलिस कुठे उभे आहेत ते दाखवणारं काहीही थेट प्रसारित करू नका. २६/११ च्या वाहिन्यांवरच्या थेट प्रक्षेपणाचा उपयोग हल्लेखोरांच्या सूत्रधारांना झाला, आणि २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत टीका केली.

पायरी ७ : ११२ ला काय सांगायचं

सुरक्षित जागी पोचल्यावर ११२ लावा. ‘फायरिंग झालं’ असं ठामपणे सांगू नका आणि ‘फटाकेच असतील’ म्हणून गप्पही बसू नका. ‘गोळीबारासारखे आवाज आले’ हे वाक्य पुरेसं आणि खरं आहे. मग पत्ता आणि जवळची खूण, किती वाजता, अंदाजे किती बार, सलग की थांबून थांबून, कोणत्या बाजूने आल्यासारखे वाटले, कुणी जखमी दिसलं का, एवढं सांगा. जे पाहिलं ते वेगळं सांगा आणि जे नुसतं ऐकलं ते वेगळं. सोसायटीच्या ग्रुपवर एकच संदेश टाका: खिडक्यांपासून दूर राहा, पोलिसांना कळवलं आहे. कुणी केलं, का केलं, किती जण होते, याचे अंदाज टाकू नका. आणि थोड्या वेळाने शेजारच्या गल्लीत माळच वाजली होती असं कळलं, तर पुन्हा ११२ ला फोन करून तेही कळवा, म्हणजे निघालेली गाडी दुसरीकडे वळवता येईल.